डाग मागे, उगम वर: एका जुन्या २४०डीच्या ऑइलगळतीचं प्रकरण

गाडी मर्सिडीज २४०डी, डब्ल्यू१२३ बांधणीची, १९८२ची, चार गिअरची मॅन्युअल. इंजिन ओएम६१६: चार सिलिंडर, २३९९ सीसी, ७२ अश्वशक्ती, टर्बो नाही, हेड लोखंडी, टायमिंगला साखळी. हे इंजिन पुणेकरांना परकं नाही. मर्सिडीजच्या परवान्यावर ते आकुर्डीला बजाज टेम्पोने बनवलं आणि ट्रॅक्स या प्रवासी गाडीत बसून ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक वडापच्या थांब्यावर धडधडत राहिलं. त्यामुळे बरीचशी पॅकिंगं आणि सीलं आजही नाना पेठेत ‘ट्रॅक्सचं द्या’ म्हटलं की मिळतात. फक्त जुना नग सोबत न्यायचा आणि काउंटरवरच मापाला लावून पाहायचा, कारण ॲक्सेसरीजच्या बाजूला दोन गाड्यांत फरक निघू शकतो.

तक्रार अशी होती. रात्रभर उभी राहिली की गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडतो तिथे, म्हणजे बेल हाउसिंगखाली, तळहाताएवढा काळा डाग. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला दुसरा, जरा पातळ आणि पसरट. (डावी-उजवी बाजू सगळीकडे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिल्यासारखी धरली आहे.) सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास. दर ५०० किलोमीटरला साधारण अर्धा लिटर भर घालावी लागायची. एका गॅरेजमध्ये गाडी वर उचलून पाहिली आणि निदान झालं: मागचं क्रँक सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.

निदान अगदीच हवेतलं नव्हतं. या इंजिनाचं मागचं सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारं, रबरी नसून दोरीचं असतं. ग्राफाइट लावलेली विणीव दोरी दोन अर्ध्या वर्तुळांत, वरची ब्लॉकमध्ये आणि खालची तिच्यासमोर खालच्या बाजूला दाबून बसवलेली. अशा दोरीला चाळीस वर्षांनी पाझर फुटणारच. पण पाझर वेगळा आणि तळहाताएवढा डाग वेगळा. शिवाय बेल हाउसिंग ही इंजिनाच्या मागची सगळ्यात खालची जागा. वर कुठेही गळलं तरी थेंब शेवटी तिथेच येऊन लोंबतो, कारण चालत्या गाडीत पंख्याचा आणि रस्त्याचा वारा ऑइलला मागे ढकलतो आणि उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. म्हणून डाग जिथे पडतो तिथून शोध सुरू करण्यात अर्थ नाही. ओल वरती कुठून सुरू होते ते पाहायचं.

आधी धुणं, मग पाहणं

चाळीस वर्षांच्या काळ्या थरावर ताजी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण गार असताना डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन टॅपेट कव्हरपासून (हेडवरचं झाकण) चेंबरपर्यंत (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) घासून काढलं. डायनामोवर प्लास्टिकची पिशवी बांधली, हवेच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. त्यानंतर साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी, प्रेशर वॉशर न वापरता. गरम किंवा चालू इंजिनावर, विशेषतः फ्युएल पंपावर, गार पाण्याचा फवारा मारू नये. आतल्या एलिमेंटमधल्या फटी मायक्रॉनच्या हिशोबातल्या असतात. बाहेरचं घर एकदम आकसलं तर पंप अडकू शकतो, आणि मग ऑइलगळती ही फार किरकोळ तक्रार वाटू लागते.

वाळल्यावर संशयाच्या सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली: टॅपेट कव्हरची कड, ऑइल फिल्टरचं झाकण, व्हॅक्यूम पंपाचा सांधा, चेंबरची कड. अल्ट्राव्हायोलेट रंग आणि जांभळा टॉर्च असेल तर उत्तमच, पण पावडर गरिबाचं तेच काम करते: कोरडी जागा पांढरी राहते, ओली जागा तपकिरी रेघ ओढून दाखवते. गाडी वीस मिनिटं चालवून आणायची, बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि आरसा व टॉर्च घेऊन बसायचं. शंभर किलोमीटर चालवून आणलं तर पुन्हा सगळंच माखतं आणि धुणं वाया जातं.

फरशीवर वर्तमानपत्राचे चार कागद चिकटवून त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखली. पडलेला थेंब कशाचा हेही कागदच सांगतो. डिझेल भराभर पसरून फिकट, रुंद कडं करतं आणि वास लपवत नाही. इंजिन ऑइलचा मधला ठिपका काळाच राहतो. लालसर थेंब पॉवर स्टिअरिंगचा किंवा मॅन्युअल गिअरबॉक्सचा, कारण या गाडीत दोन्हींत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं लाल तेल असतं. मागच्या डिफरन्शिअलमधल्या गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प येतो.

कागद पाहिल्यावर पहिला धक्का बसला. डाव्या बाजूचा डाग निम्म्याहून जास्त डिझेलचा होता.

जे ऑइल नव्हतंच

या इंजिनात नोझल हेडच्या डाव्या अंगाला असतात आणि प्रत्येक नोझलमधून थोडं डिझेल परत जातं. ते नेणारे छोटे कापडी वेष्टनाचे पाइप, गॅरेजच्या भाषेत ओव्हरफ्लो पाइप, एका नोझलहून दुसऱ्यावर उड्या मारत जातात. आतलं माप सुमारे ३.२ मिलिमीटर. शेवटच्या नोझलच्या उघड्या टोकावर एक रबरी टोपी असते. या गाडीत ती टोपी उभी चिरली होती आणि दोन पाइपांचं कापड भिजून काळं पडलं होतं. इथून सुटलेलं डिझेल हेडवरून ओघळतं, ब्लॉकवरचं जुनं ऑइल विरघळवत खाली जातं आणि खाली पोचेपर्यंत अस्सल ऑइलगळतीसारखं दिसायला लागतं. वाईट म्हणजे ते डाव्या इंजिन माउंटच्या रबरावर पडतं. रबर फुगून मऊ होतं आणि वर्षभराने इंजिन आयडलला थरथरायला लागलं की दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

काम दहा मिनिटांचं. मापाचा कापडी पाइप मीटरवर घ्यायचा, जुन्या तुकड्यांवर ठेवून ब्लेडने सरळ कापायचा, टोकाला डिझेलचं बोट लावून ढकलून बसवायचा. क्लिप लागत नाही. नवी टोपी घालायची. एअर काढावी लागत नाही, कारण ही परतीची लाइन आहे. पारदर्शक प्लास्टिकची नळी कितीही सोयीची वाटली तरी घालू नये. ती उष्णतेने कडक होते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तुटते.

ज्याच्या जुन्या डिझेल गाडीला ‘ऑइल’ गळतं, त्याने सगळ्यात आधी हे पाइप पाहावेत. निदान फुकटचं आहे.

इंजिनाचा श्वास

पॅकिंगला हात लावण्याआधी क्रँककेसमधला दाब पाहायचा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली सुटतोच. तो टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या घरात जातो आणि इंजिन तो पुन्हा पिऊन टाकतं. ती वाट तुंबली तर दाब दुसरीकडून वाट काढतो: प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक सीलमधून. अशा गाडीला नवी पॅकिंगं घालणं म्हणजे फुटक्या हौदाला बाहेरून गिलावा करणं.

चाचणी सोपी. इंजिन गरम, आयडलवर. ऑइल भरायचं बूच काढून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. बूच जागेवर नाचलं तर ठीक. उडून पडलं तर दाब जास्त. इथे ते टणकन उडून बॅटरीवर पडलं. एवढ्यावर रिंगा गेल्या असं ठरवण्याची घाई होते, पण ही चाचणी दोनदा करायची असते. ब्रीदरची नळी कव्हरच्या टोकावरून काढून तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा बूच थरथरलं आणि जागेवर राहिलं. म्हणजे वायू बेताचाच होता, वाट बंद होती.

नळी कापून पाहिली तर आतून लोण्यासारखी मऊ आणि दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. कुणीतरी पूर्वी हीटरच्या पाण्याचा पाइप कापून लावला होता. पाण्याचा पाइप ईपीडीएम रबराचा असतो. त्याला पाणी चालतं, ऑइल चालत नाही; ऑइलच्या वाफेत तो फुगून बसतो. इथे नायट्राइल रबराचा, ‘ऑइल रेझिस्टंट’ असा छाप असलेला पाइपच हवा, आणि वळण असं की कुठे घडी पडणार नाही. कव्हरचं टोक आणि एअर फिल्टरच्या घरातलं छिद्रही काजळीने अर्धं बुजलं होतं, तेही डिझेल आणि तारेने मोकळं केलं.

बूच दुसऱ्या चाचणीतही उडालं असतं तर पुढची पायरी कॉम्प्रेशन टेस्ट. या इंजिनाचं चांगलं कॉम्प्रेशन २२ ते २४ बार, १५ बारच्या खाली गेलं किंवा दोन सिलिंडरांत ३ बारहून जास्त फरक निघाला तर गळतीचा विचार सोडून इंजिनाचा विचार करायचा. इथे गरज पडली नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटाही गरम आयडलला ०.३ बारच्या बराच वर होता आणि रेझ केलं की ३ बारला टेकत होता.

एक गोष्ट जाता जाता. या गाडीतला हा काटा विजेवर चालत नाही. फिल्टरच्या घरापासून एक बारीक नळी प्रत्यक्ष ऑइल घेऊन काट्यापर्यंत जाते. तिच्या जोडावर ओल दिसली तर ती आधी आवळा, नाहीतर एक दिवस ऑइल ड्रायव्हरच्या पायावर येईल.

टॅपेट कव्हर: दोनदा करावं लागलेलं काम

पावडरीवर सगळ्यात स्पष्ट रेघ कव्हरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून होती. तिथून एक ओघळ उजवीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिग्नलचा वास तो हाच) आणि दुसरा हेडच्या पाठीवरून सरळ बेल हाउसिंगवर. म्हणजे ‘मागचं क्रँक सील’ बऱ्याच अंशी इथे वर बसलं होतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. ॲक्सिलरेटरची काडी कव्हरवरच्या जोडापासून सोडवायची, ब्रीदर काढायचा, कव्हरचे बोल्ट थोडेथोडे फिरवून सैल करायचे. कव्हर निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उपटायचं नाही. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, कडेला एक ओरखडा पडला की तिथे कायमची गळती. लाकडी दांड्याने बाजूने हलकं ठोकलं की सुटतं.

जुनं पॅकिंग बिस्किटासारखं कडक होऊन तुकड्यांत निघालं. वर आणि खाली दोन्हीकडे लाल सिलिकॉनचा जाड थर. पूर्वीच्या कुणाचा विश्वास ट्यूबवर जास्त होता.

कव्हर निघालंच आहे तर टॅपेट तपासल्याशिवाय परत लावणं हा आळस आहे. इंजिन गार असताना फट इनटेकला ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. कोणता व्हॉल्व्ह कुठला हे मॅनिफोल्डच्या वाटेसमोर कोण उभा आहे त्यावरून कळतं. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर २७चा सॉकेट लावून इंजिन घड्याळाच्या दिशेनेच फिरवायचं. कॅमच्या बोल्टने कधीच नाही, आणि उलटं तर मुळीच नाही. कॅमचं टोक रॉकरपासून दूर गेलं की फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं. १४चे दोन पाने: एक खालच्या लॉकनटला, एक वरच्या टोपीच्या नटला. पातळ पाने नसतील तर नेहमीचे पाने घासून पातळ करून घेतात. इथे दोन एक्झॉस्ट घट्ट निघाले, ०.२०च्या आसपास.

सिलिकॉन खरवडायला प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड. खाली कॅम आणि साखळी उघडी आहे, म्हणून आधी सगळं आत चिंध्यांनी झाकायचं. शेवटी दोन्ही कडा थिनरने पुसून बोटाने फिरवून पाहायच्या.

पहिल्या वेळी इथेच चूक झाली. नवं पॅकिंग हेडवर ठेवलं आणि त्यावर कव्हर आणून टेकवलं. मागे फायरवॉलजवळ डोळा पोचत नाही, कव्हर थोडं तिरकं उतरलं आणि मागच्या कोपऱ्यात पॅकिंग आत सरकलं. वरून सगळं घट्ट आणि सुरेख. दुसऱ्या दिवशी पावडरीवर तीच रेघ. गळतीत फरक पडला नाही की माणूस बोल्ट आणखी आवळतो. पॅकिंग पिळून बाहेर येतं, कव्हर कमानीसारखं वाकतं आणि मग दोन बोल्टांच्या मधली जागाही गळायला लागते. नशिबाने ते केलं नाही.

दुसऱ्या वेळी पॅकिंग कव्हरलाच चिकटवलं. खाचेत चिकटद्रव्याचा केसाएवढा पातळ हात, त्यावर पॅकिंग, वर सपाट लाकडी फळी आणि विटांचं वजन, तासभर. हेडकडची बाजू पूर्ण कोरडी. कव्हर दोन्ही हातांनी सरळ खाली, तिरकं अजिबात नाही. बोल्ट बोटाने टेकेपर्यंत, मग दोन फेऱ्यांत, मधून बाहेर, १५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना दोन बोटांत धरून जोर येईल तेवढाच. पूर्ण मूठ वापरली तर जास्त होतं. शेवटी दंतवैद्याच्या आरशासारखा दांडीचा आरसा मागे घालून टॉर्चच्या उजेडात कड पूर्ण पाहिली: काळ्या रबराची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. कुठे ती नाहीशी होते तिथे पॅकिंग आत सरकलेलं असतं.

फिल्टरचं झाकण

डाव्या बाजूला उभ्या डब्यात ऑइल फिल्टर बसतो, झाकण दोन १३च्या नटांनी. झाकणाच्या खालून ओल होती, पण फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टनंतर. गार ऑइल दाट, दाब सगळ्यात जास्त, म्हणून तेव्हाच. झाकण काढलं तर खाचेत जुनी रबरी रिंग तशीच चिकटलेली आणि तिच्यावर नवी. मागच्या ऑइल चेंजच्या वेळी हे घडलं असणार. दोन रिंगा एकावर एक कधीच नीट बसत नाहीत. खाच दाभणाने टोकरून रिकामी केली, एकच नवी रिंग ऑइल लावून बसवली, नट आळीपाळीने २० ते २५ न्यूटन-मीटर.

झाकणाखाली लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला एक छोटा ओ-रिंग असतो. डब्याच्या बुडाशी चेंबरकडे जाणारं एक छिद्र आहे. झाकण उचललं की डब्यातलं ऑइल त्यातून आपोआप खाली उतरतं, फिल्टर बदलताना सांडू नये म्हणून केलेली सोय. झाकण बसलं की ही नळी ते छिद्र बंद करते. ओ-रिंग गेला किंवा विसरला तर दाबाचं ऑइल तिथूनच चेंबरमध्ये पळतं आणि काटा खाली येतो. गळती दिसत नाही, पण नुकसान गळतीपेक्षा मोठं. फिल्टरसोबत मिळणारी ही इवलीशी रिंग पुष्कळदा खोक्यातच राहते.

डबा ब्लॉकला जिथे जोडतो ते कागदी पॅकिंगही अशा इंजिनात गळतं. इथे ती जागा धुतल्यावर कोरडी राहिली, म्हणून तिला हात लावला नाही. तिथले बोल्ट गाठणं जिकिरीचं आहे, उगाच उकरू नये.

व्हॅक्यूम पंप

इंजिनाच्या पुढच्या डाव्या अंगाला ब्रेक बूस्टरसाठीचा व्हॅक्यूम पंप. त्याच्या खालच्या कडेला ओल, आणि पंख्यामागेच असल्यामुळे ती ओल वाऱ्याने पूर्ण डाव्या अंगावर शिंपडली जात होती. डाव्या डागातला ऑइलचा हिस्सा मुख्यतः हा.

हा पंप आतल्या इंजेक्शन टायमरवरच्या कॅमने ढकलला जातो आणि आत स्प्रिंग आहे. कॅम वर असताना स्क्रू काढले तर पंप तिरका ढकलला जातो आणि शेवटच्या स्क्रूचे आटे खराब होतात. म्हणून स्क्रू थोडे सैल करून क्रँक हाताने फिरवत जायचं. एका जागी पंपावरचा जोर जातो हे हाताला कळतं, तिथे थांबायचं. मग व्हॅक्यूमचा जोड सोडवून पंप सरळ बाहेर. उघड्या भोकात लगेच स्वच्छ फडका भरायचा. आत टायमिंगची साखळी आहे, एक वॉशर पडला तर पुढचा आठवडा त्याच्या शोधात.

पंप हातात आला की त्याच्या रोलरचं बेअरिंग तपासायचं. ही या इंजिनाची सगळ्यात धोक्याची जागा. रोलर बोटाने फिरवायचा, आडवा हलवायचा. खडखड किंवा झोल असेल तर पंप परत लावायचा नाही, मग पॅकिंग कितीही नवं असो. बेअरिंग फुटलं तर गोळ्या थेट साखळीत पडतात. इथे रोलर गुळगुळीत निघाला. कागदी पॅकिंग तयार मिळालं नसतं तर त्याच जाडीच्या पॅकिंग पेपरवर पंप ठेवून, कडेने पेन्सिल फिरवून कापता येतं. भोकं पोकळ पंचने पाडायची, कात्रीने नाही. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचं नुसतं बोट. जुने मिस्त्री इथे शेलॅक लावतात. टिकतं, पण पुढच्या वेळी खरवडणाऱ्याच्या शिव्या पक्क्या.

जोडल्यावर इंजिन चालू करून ब्रेक पेडल तपासलं आणि मग चावी बंद केली. या गाडीत चावीने इंजिन बंद होतं तेही व्हॅक्यूमनेच. बंद व्हायला वेळ लागला तर जोड कुठेतरी हवा ओढतो आहे.

चेंबर

वरचं सगळं कोरडं झाल्यावरच खालच्या चेंबरकडे यायचं. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), मागच्या चाकांना विटा. गाडीसोबतच्या जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपायचं नाही. खालचा पत्र्याचा चेंबर आणि त्याच्या वरचा ॲल्युमिनियमचा भाग हे दोन वेगळे. वरच्याचं पॅकिंग बदलायला इंजिन उचलावं लागतं, खालचं घरी होतं.

गरम ऑइल काढून घेतलं, १०च्या डोक्याचे बोल्ट सोडले. पत्र्याची कड प्रत्येक भोकाभोवती खळगा पडून वर आली होती, म्हणजे पूर्वी जास्त आवळलेलं. अशा कडेला नवं पॅकिंग लावलं तर ते फक्त बोल्टाभोवती दबतं, मधल्या जागा मोकळ्याच. कड लाकडाच्या ठोकळ्यावर पालथी ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने खळगे सपाट केले, स्टीलच्या पट्टीने तपासलं. बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याहून जास्त नाही.

चेंबरच्या बुडाशी लाल सिलिकॉनच्या शेवया आणि एक लोंबता गोळा ऑइल पंपाच्या जाळीच्या अगदी जवळ. वरून आतल्या बाजूला पिळून निघालेलं सिलिकॉन इथेच येतं. जाळी बुजली असती तर गळती आपोआप थांबली असती, कारण बेअरिंगपर्यंत ऑइलच पोचलं नसतं.

ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वॉशर. ऑइल १५डब्ल्यू-४०, डिझेलसाठीचं, सीआय-४ प्रतीचं. आधी सहा लिटर, मग डिपस्टिक पाहून थोडंथोडं. एकूण साडेसहाच्या आसपास. वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून ते एअर फिल्टरमध्ये जातं आणि नवी गळती लागल्याचा भास होतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून परवानाधारक रिसायकलरकडे. गटारात नाही, आणि कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायलाही नाही.

दाट ऑइल घालून किंवा गळती बंद करणारी बाटली ओतून हे सगळं टळलं असतं का, असं विचारलं जातं. दाट ऑइलने थेंब सावकाश पडतो, सकाळी पंपाला ते ओढायला जड जातं, बाकी काही नाही. बाटलीतलं रसायन रबर फुगवतं. इथे चिरलेली टोपी, घडी पडलेला पाइप, सरकलेलं पॅकिंग आणि वाकलेला पत्रा होता. यातल्या एकालाही फुगवून उपयोग नव्हता. आणि मागचं सील तर रबराचंच नाही.

उरलेला थेंब

पुन्हा धुणं, पुन्हा पावडर, नवे कागद. हेडची पाठ, डावं अंग, फिल्टरचं झाकण, व्हॅक्यूम पंप, सगळं पांढरं. आठवड्याने बेल हाउसिंगखालच्या कागदावर रुपयाच्या नाण्याएवढे दोन ठिपके, काळे, इंजिन ऑइलचेच. वरची सगळी वाट कोरडी असताना पडलेला हा थेंब खरोखर मागच्या दोरीच्या सीलचा. म्हणजे गॅरेजचं निदान पूर्ण खोटं नव्हतं, पण आठवड्याला दोन ठिपके एवढंच खरं होतं.

ते सील नीट बदलायचं तर क्रँक बाहेर काढावा लागतो, कारण दोरीचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये क्रँकच्या वर आहे. दोन ठिपक्यांसाठी ते करण्यात अर्थ नाही. क्लच घसरू लागला, म्हणजे ऑइल प्लेटपर्यंत पोचलं, किंवा इंजिन दुसऱ्या कारणाने उघडलंच, तर तेव्हा. तोवर बेल हाउसिंगखाली पुठ्ठा आणि दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ती जवळजवळ वरच्या खुणेवरच होती. टॅपेट कव्हरचे बोल्ट मात्र तेव्हा एकदा पुन्हा तपासले. नवं पॅकिंग उष्णतेने बसतं आणि बोल्ट थोडे सैल पडतात. मागचे दोन पाव फेरीने फिरले, बाकीचे जागेवर होते.